अक्का लागली

एका बाईचं काम माझ्यामुळं गेलं. मालकांनी एक प्रश्न विचारला आणि मी 'व्हय' म्हणालो. त्यांनी जे विचारलं ते खरोखर घडलेलं होतं, म्हणजे तो शब्द खोटा नव्हता. पण शाई कशानं बिघडली हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते गिळून टाकलं. माझं सगळं आयुष्य छपाईत गेलं. शाईबद्दल कुणी काही विचारलं तर मी तासभर बोलू शकतो. त्या दिवशी दोन वाक्यं पुरली असती, ती माझ्याच्यानं बोलवली नाहीत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोहोळजवळच्या खेड्यातून मी सोलापुरात आलो आणि एका छापखान्यात मशीनवर लागलो. पुढं मालकांचं टेबल, मधे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणाऱ्या कंपोझिटरांची उभी घोडी, मागं पायानं चालवायची दोन ट्रेडल मशीनं. वर्षभर बिलबुकं, चादरींची लेबलं, विडीच्या बंडलांचे कागद छापायचे आणि लग्नसराईत पत्रिका. एक मशीन काळ्या शाईचं. दुसरं त्या दिवसांत लाल शाईसाठी राखून ठेवलेलं असे, कारण लग्नपत्रिकेवर काळा ठिपका दिसला तरी गिऱ्हाईक गठ्ठा परत करायचं. लाल मशीनवर मी होतो. शाई घोटणं, पातळ करणं, रूळ धुणं, सगळं माझ्याकडं.

मशीनांच्या पलीकडं खिडकीखाली एक बाई बसायची. बिलबुकांची पानं जुळवायची, शिवायची, पाठीला खळ लावायची. तिचा नवरा आमच्याच छापखान्यात बाइंडर होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि मालकांनी त्याच्या जागी तिला बसवलं. तिचं घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. तिला मूल नव्हतं. भावाच्या घरी राहत होती, आणि भावाच्या घरात पदरचं काही घालून राहणं वेगळं आणि नुसतं राहणं वेगळं, हे ती येताजाता बोलून दाखवायची. हे काम होतं म्हणून त्या घरात तिला स्वतःचा आवाज होता.

मालकांची एकच अट होती. लग्नाच्या कामाला अक्कानं हात लावायचा नाही. "माझं काही नाही हो," ते म्हणायचे, "पण गिऱ्हाईक हळदीकुंकू घेऊन येतं." अक्कानं ते ऐकून घेतलं होतं. तिच्या घरातही तीच रीत होती.

छापखान्यातली माणसं तशी वाईट नव्हती, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. एकदा आमच्या थोरल्या कंपोझिटरनं लाल शाईत अंगठा बुडवला आणि तो तिच्या कपाळासमोर धरून म्हणाला, "अक्का, लावू का?" सगळे हसले. मीही हसलो. अक्कानं सुईतला दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "लाव की. मग संध्याकाळी घरी ने, आन् बायकोला सांग ही कोन हाय ते." मग सगळे त्याला हसले. तो अंगठा पुसत बसला, पण त्यानं ते मनात धरलं. तिनं उलटं बोलावं हे कुणालाच रुचत नव्हतं.

आता शाईचं सांगतो, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही.

दौतीतली शाई पाण्याची असते. पाणी उडून जातं, रंग कागदावर राहतो. छापखान्यातली शाई तेलाची. जवसाचं तेल कढवून मधासारखं दाट करतात, त्याला आम्ही व्हार्निश म्हणायचो. त्यात काजळी घोटली की काळी शाई, लाल रंगाची पूड घोटली की लाल. ती डब्यात लोण्यासारखी घट्ट असते. कागदावर गेली की थोडी कागदात मुरते आणि बाकीची हवा लागून हळूहळू आवळते, दुधावर साय धरते तशी. जवसाच्या तेलाचा हा गुण आहे की ते हवा खातं आणि घट्ट होतं. हे व्हायला एक रात्र लागते. लवकर हवं असेल तर वाळवणीचं औषध चिमूटभर घालायचं. शाई फार चिकट झाली की कागदाचा पापुद्रा ओढून काढते, तेव्हा तिला थोडं व्हार्निश पाजून सैल करायचं. एवढीच विद्या.

थंडीचे दिवस होते. लग्नाच्या तारखा दाट होत्या आणि छापखान्यातली दोन माणसं आपापल्या गावच्या लग्नांना गेली होती. बाजारातल्या एका आडत व्यापाऱ्याच्या मुलीची पत्रिका माझ्या मशीनवर होती. भारी काम. चकचकीत गुळगुळीत कार्ड, वर गणपतीचा ब्लॉक. सकाळी शाई दगडासारखी झाली होती, रुळांवर फिरेना. व्हार्निशचा डबा रिकामा. आदल्या दिवशी तो भरून आणायला मालकांनी मला पाठवलं होतं आणि मी दुकानात न जाता सिनेमाला गेलो होतो. परत आल्यावर आणलं म्हणून सांगितलं होतं.

मशीनला तेल घालायची बुधली हाताशी होती. मी त्यातलं तेल शाईत घातलं.

पहिल्यांदाच घातलं असंही नव्हतं. बिलबुकांच्या खरबरीत कागदावर मी हे पूर्वी केलं होतं आणि काही बिघडलं नव्हतं. तो कागद टिपकागदासारखा सगळं पिऊन टाकतो. गुळगुळीत कार्ड काही पीत नाही. तिथं शाई वरच बसते आणि वाळायची तर हवेनंच वाळावी लागते. मशीनच्या तेलाला हवा कितीही लागो, ते तसंच ओलं राहतं. याचा विचार मी केला नाही. शाई सैल झाली, छपाई सुंदर उठली, आणि मी खूश झालो.

ओली कार्डं एकावर एक साठू द्यायची नसतात, नाहीतर खालच्याची शाई वरच्याच्या पाठीला लागते. मशीनवरून उचलून फळ्यांवर पातळ थर लावत जायचं. ते करायला त्या दिवशी कुणी नव्हतं; पुढं थोरला कंपोझिटर तेवढा खिळे जुळवत होता. मी मशीन थांबवून फळीकडं जायचो, परत यायचो, काम सरकत नव्हतं.

"अक्का, जरा उचला की," मी म्हणालो.

"मला न्हाय जमायचं. मालक काय म्हनलेत म्हाईत हाय न्हवं?"

"मालक बाहेर गेलेत. कोन बघतंय हितं?"

"तूच बघतोयस की, मोहोळवाले."

"मी काय सांगायला जातोय व्हय?"

ती थोडा वेळ शिवत राहिली. मग उठली, मागच्या नळावर गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आली. पदराला पुसले, उजेडात धरून बघितले. मग कडेला बोटं धरून एकेक कार्ड उचलायला लागली. तिला मराठी वाचता येत नव्हतं. नवरीचं नाव कुठलं ते तिनं मला विचारलं, मी दाखवलं.

"ह्या दोघांची नावं केवढी मोठी," ती म्हणाली, "आन् पावन्यांची बारीक. लगीन झालं की बघ उलटं होतंय."

दुपारभर आम्ही काम केलं. ती मजेत होती. त्यापूर्वी मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे बांधताना शाई बोटाला लागते हे मला कळलं. मी म्हणालो, थंडी आहे, वाळेल. गठ्ठे गेले.

ते परत आले तेव्हा व्यापारी स्वतः आला होता आणि बरोबर त्याची आत्या. त्यानं एक गठ्ठा मालकांच्या टेबलावर सोडला. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर लाल डाग. देवापुढं ठेवायला म्हणून पहिली पत्रिका दिली तर गणपतीची सोंड पुजाऱ्याच्या अंगठ्याबरोबर निघून आली होती. नवरीचं नाव पुसट होऊन कडेला ओढलं गेलं होतं. व्यापारी ओरडत नव्हता. आत्या बोलत होती.

मालकांनी मला पुढं बोलावलं. "शाईत काय घातलं होतंस?"

"व्हार्निश," मी म्हणालो.

"काल-परवा आणलेलं?"

"व्हय."

ते डबा बघायला उठणार, एवढ्यात आत्याची नजर खिडकीकडं गेली. तिनं अक्काचं मोकळं कपाळ बघितलं, मग हात बघितले. "ही बाई हितं काय करती?"

"ती बिलबुकं शिवते," मालक म्हणाले. "पत्रिकेला हात लावत नाही."

थोरला कंपोझिटर घोडीवरून मान वर न करता म्हणाला, "त्या दिवशी तर दिवसभर उचलत होती की."

मालक माझ्याकडं वळले. "हिनं हात लावला होता का?"

"व्हय," मी म्हणालो.

माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं, हे मी लपवत नाही. मालक पुन्हा खुर्चीत बसले. व्हार्निशच्या डब्याची आठवण त्यांना राहिली नाही.

अक्का उठून उभी राहिली. "ह्यानंच सांगितलं मला. ह्यो म्हनला, उचला म्हनून. सांग की रं."

"मी कशाला सांगीन, अक्का?" मी म्हणालो. "मला म्हाईत न्हाय का मालकांचं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी मशीनच्या चाकाकडं बघत होतो. आत्या म्हणाली, "स्वतःचं गेलं ते गेलं, दुसऱ्याच्या पोरीवर कशाला छाया पाडायची गं?" कुणीतरी खाकरलं. मालकांनी अक्काला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते 'अहो' करून बोलले, तेच मला ऐकायला जड गेलं. अक्कानं सुई-दोरा, अंगठ्याची टोपी आणि जेवणाचा डबा पिशवीत घातला. अर्धं शिवलेलं बिलबुक हातात होतं, ते काय करावं हे तिला सुचेना. शेवटी तिनं ते माझ्या मशीनवर ठेवलं आणि गेली.

त्याच दुपारी मी सायकल काढून व्हार्निश आणलं. रूळ रॉकेलनं धुतले, पुन्हा धुतले. नवी शाई घोटली, त्यात व्हार्निश आणि औषध घातलं. त्याच पत्रिका पुन्हा छापल्या. सकाळी बघतो तर खडखडीत. अंगठा रगडला तरी डाग नाही. मालकांनी एक कार्ड उचलून सगळ्यांना दाखवलं. "बघा," ते म्हणाले. "तेच मशीन, तीच शाई, तोच माणूस." खोलीतल्या सगळ्यांना पुरावा मिळाला होता, आणि तो मीच तयार केला होता. ही बातमी अक्काच्या वस्तीतही पोचली. थोरल्या कंपोझिटरनं ती मुद्दाम पोचवली.

त्यानंतर आमच्यात एक म्हण सुरू झाली. एखादी छपाई वाळली नाही, बोटाला लागली, की कुणीतरी म्हणायचं, "अक्का लागली." सुरुवात कुणी केली हे मला आठवत नाही. ती मी केलेली नसावी, एवढीच माझी आशा आहे. पण मी ती वापरली. नवीन माणूस कामाला आला की, "जास्त रॉकेल घालू नको, अक्का लागंल," असं मी त्याला शिकवलं. माणसं एका छापखान्यातून दुसऱ्यात जातात, त्यांच्याबरोबर म्हण जाते. माझ्या बाबतीत तिचा एक फायदा होता. जितक्या वेळा ती म्हटली जाई, तितकं मशीनचं तेल मागं पडत जाई. काही दिवस तर मलाच वाटायला लागलं होतं की अक्कानं हात लावला नसता तर कदाचित वाळली असती. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो.

अक्का विड्या वळायला लागली. विडी कारखान्याच्या दाराशी बायकांच्या रांगेत ती मला दिसायची, सूप काखेत, विड्यांची चवड फडक्यात बांधलेली. मी सायकल दुसऱ्या गल्लीत घालायचो. एकदा वळायला गल्लीच नव्हती, तेव्हा खाली उतरून चाकात हवा नाही असं दाखवत वाकून बसलो. ती जवळून गेली.

वर्षं गेली. मी ऑफसेटवर काम केलं, मग स्वतःचं झेरॉक्सचं दुकान टाकलं. या मशीनांत शाईच नसते. टोनर म्हणजे काळी, पिठासारखी बारीक पूड, तिच्यात मेणासारखं वितळणारं द्रव्य असतं. आतला ढोल विजेनं भारलेला असतो. जिथं अक्षर यायचं तिथं ती पूड चिकटते, तिथून कागदावर येते, आणि मग तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून कागदाला धरते. वाळायची वाट बघायची नाही. मला हे फार बरं वाटायचं.

एक दिवस अक्षरं बोटानं पुसली जायला लागली. रूळ तापत नसणार हे मला कळत होतं, तरी मेकॅनिक बोलावला. तो बाहेरगावचा, सोलापुरात नवा आलेला. त्यानं कागदावर बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाला, "अक्का लागलीय मशीनला."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"काय की. इकडं सगळे म्हणतात. कुठली तरी अवदसा असंल."

तो रूळ बदलून गेला. मी दुकान बंद केलं आणि पूर्व भागात गेलो.

अक्काच्या भावाचं घर विचारत विचारत सापडलं. पुढच्या खोलीत माग चालू होता, चादर विणली जात होती, त्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावं लागत होतं. अक्का ओट्यावर बसली होती. केस पिकले होते. माझ्याकडं बघून तिनं डोळे बारीक केले.

"मोहोळवाले," ती म्हणाली. "टक्कल पडलं की रं तुला."

मी खाली बसलो. तीच म्हणाली, "त्या पोरीचं बरं हाय न्हवं?"

"कुठल्या पोरीचं?"

"ती पत्रिकेची. माझ्या हातानं इस्कोट झाला न्हाय का. तू त्या बाजारात जातोस, तुला म्हाईत असंल. नांदती का बरी?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारही केला नव्हता.

"पयल्यांदा तुला लई शिव्या दिल्या मी," अक्का म्हणाली. "म्हनलं, ह्यानंच कायतरी घोळ घातला आन् माझ्यावर ढकललं. मग कळलं, मी गेल्यावर नवीन पत्रिका वाळली. तेच मशीन, तीच शाई. मग काय बोलायचं? भावाच्या पोरींची लग्नं झाली ह्याच घरात. मी मागच्या खोलीत बसले. हळद कुटली न्हाय, पत्रिका बघितली न्हाय. उगा कशाला? भावजय बोलवायला आली न्हाय आन् मी गेले न्हाय."

"अक्का," मी म्हणालो, "त्या शाईत मशीनचं तेल होतं."

"काय?" तिनं कानाला हात लावला.

मी मागाकडं बोट दाखवलं. "ह्या मागाला तेल घालता, ते सांडलं तर वाळतं का कधी?"

"न्हाय. तसंच चिकट ऱ्हातं. फरशी घासून घासून हात दुखत्यात."

"तेच तेल. मी व्हार्निश आणायचं सोडून सिनेमाला गेलो होतो. म्हणून तेल घातलं. ती शाई कुणीच हात लावला नसता तरी वाळली नसती. दुसऱ्यांदा मी खरं व्हार्निश घातलं, म्हणून वाळली."

मग तिनं माझा हात ओढून बघितला, तळवा वर करून, पुन्हा खाली करून. कशासाठी ते मला कळलं नाही. हात सोडला आणि आतल्या बाजूला तोंड करून तेलुगूत काहीतरी जोरात म्हणाली. भाचा मागावर होता. त्यानं मान वळवून बघितलं, पण माग चालूच ठेवला. ती पुन्हा ओरडली. माग थांबला.

"आता बोल," ती मला म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? घरात बोल."

भाऊ आतून आला, म्हातारा झालेला. मागून भावजय आली, हात ओले. भाचा तिथूनच बघत होता. भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना आता, किती जुनं..."

"तू गप," अक्का म्हणाली. "छापखान्यात समद्यांदेखत बोलला होता. हितंबी समद्यांदेखत बोलूदे." मग माझ्याकडं वळून, "थांबत थांबत बोल. हिला मराठी कमी कळतं. मी सांगते तिला."

मी उभा राहिलो. शाई माझ्यामुळं बिघडली, मी म्हणालो. अक्कानं ते भावजयीला तेलुगूत सांगितलं आणि मला बोटानं पुढं बोल म्हणून खुणावलं. मी व्हार्निशच्या जागी मशीनचं तेल घातलं. तिनं सांगितलं. पत्रिका उचला असं तिला मीच म्हणालो होतो. तिनं सांगितलं. मालकांसमोर तिनं ते सांगितलं तेव्हा मी नाकारलं. तिनं तेही सांगितलं. तिच्या हातात काही दोष नव्हता. हे वाक्य तिनं भावजयीला दोनदा सांगितलं.

"आन्?" ती मला म्हणाली.

"माझं चुकलं, अक्का. मी तुमची माफी मागतो."